अनाम आयरिसचा वंश

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये जुने घर विकत घेतले की घरासोबत कधी कधी आयरिसचा एक ताटवाही पदरात पडतो. तो कोणी लावला, कुठून आणला, हे घर विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. लांबट, चपटी, राखी-हिरवी पाने कुंपणाकडेला उभी असतात आणि मे महिन्याच्या सुमारास त्यांतून कमरेइतक्या उंच दांड्यांवर जांभळी, पिवळी, पांढरी फुले येतात. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि झुकलेल्या पाकळीच्या मधोमध केसाळ पट्टा, ज्याला बागवान दाढी म्हणतात. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही जुन्या घराच्या अंगणात असा ताटवा भेटू शकतो. फूल पाहिले की ओघानेच विचारले जाते, हिचे नाव काय? फोटो काढला जातो, जाणकाराला दाखवला जातो, आणि बहुधा दहा मिनिटांत एखादे नाव मिळतेही. माझा आक्षेप त्या दहा मिनिटांना आहे. फुलाच्या रूपावरून काढलेले नाव हा फार तर एक तर्क असतो. नाव सिद्ध करायचे तर त्या रोपाचा इतिहास लागतो, आणि तो हाती येत नसेल तर रोप अनाम ठेवलेले बरे, असे मला वाटते.

हे म्हणणे कुणाला काटेकोरपणाचा अतिरेक वाटेल. म्हणून आधी आयरिसच्या वाणाला नाव मिळते ते कसे, हे पाहायला हवे. दाढीवाली आयरिस जमिनीलगत आडव्या वाढणाऱ्या कंदातून पसरते. कंदाला फाटे फुटतात. फाटा तोडून दुसरीकडे लावला की तेच रोप तिथे वाढू लागते. बीपासून मात्र आईसारखे रोप येत नाही. एकाच बोंडातल्या बिया रुजवल्या तरी प्रत्येक रोपाचे फूल निराळे निघते. संकर करणारा अशा शेकडो रोपांतून एखादेच निवडतो, त्याला नाव देतो आणि ते नोंदवतो. पुढे शंभर वर्षे जगभर त्या नावाने जे विकले जाते ते सगळे त्या एकाच रोपाचे तुकडे असतात. आपल्याकडे हापूसचे असेच आहे. कलम हापूसचे असेल तरच झाड हापूस. बाठा रुजून आलेल्या झाडाचा आंबा चवीला कितीही जवळ गेला तरी कोकणातला बागायतदार त्याला रायवळच म्हणेल. ‘इंडियन चीफ’ हे १९२९ साली बाजारात आलेल्या एका तांबूस-जांभळ्या आयरिसचे नाव आहे. तिच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्या तांबूस-जांभळ्या आयरिसांवर त्या नावाचा हक्क नाही. तेव्हा ‘ही कोणती आयरिस?’ हा प्रश्न दिसतो रूपाचा, पण असतो वंशाचा. परसातला हा कंद त्या मूळ रोपाचा तुकडा आहे की नाही, एवढेच काय ते ठरवायचे असते.

रूप आणि वंश यांची गल्लत व्हायला बाग स्वतःच मदत करते. मधमाशी एका फुलातून दुसऱ्या फुलात जाते, बोंड धरते, कोणी ते तोडत नाही, बी तिथेच वाफ्यात पडते. दोन-तीन वर्षांनी त्या बीचे रोप आईच्या कंदांत मिसळून फुलते. ते आईहून दणकट असेल तर हळूहळू सगळी जागा व्यापते. पाटी मात्र आईचीच राहते. असे बाळ दिसायला पुष्कळदा आईच्या जवळपास जाते, रंग किंचित फिका, दाढी थोडी अधिक पिवळी, एवढाच फरक. फोटोवरून हा फरक कोण सांगणार? म्हणजे परसात एखाद्या जुन्या वाणाची पाटी आजही शाबूत असली तरी त्या पाटीखाली वाढणारे रोप तेच आहे असे धरून चालता येत नाही.

याचा अर्थ फूल काहीच सांगत नाही असा नव्हे. फूल आपले वय बऱ्यापैकी सांगते, आणि मला तरी ओळखपरेडीतला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागांतल्या उंच आयरिस मुख्यतः पॅलिडा आणि व्हेरिएगाटा या दोन जातींच्या संकरातून आल्या होत्या. त्यांच्या पेशींत २४ गुणसूत्रे. पाकळ्या अरुंद, फुले लहान, दांडे बारीक पण ताठ. फ्रान्समधल्या लेमाँ यांनी १८४० साली आणलेली पिवळी-तपकिरी ‘ऑनोराबिल’ आणि १८४४ सालची, पांढऱ्या पाकळीच्या कडेला निळी बारीक नक्षी असलेली ‘मादाम शेरो’ या त्या काळाच्या. पुढे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी तुर्कस्तान आणि पश्चिम आशियातल्या मिशनऱ्यांकडून मोठ्या फुलांच्या आयरिस मागवल्या. त्यांतली एक अमास्या गावाकडची, म्हणून तिचे नाव ‘आमास’. या रोपांत गुणसूत्रे दुप्पट, ४८. त्यांच्यापासून झालेल्या संकरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फुलाचा आकारच पालटला. आर्थर ब्लिस यांची १९१७ सालची ‘डॉमिनियन’ आली तेव्हा रुंद, मखमली, खाली झुकलेल्या पाकळ्या ही नवलाची गोष्ट होती.

यानंतरचे टप्पेही नोंदलेले आहेत. पाकळ्यांना झालरीसारख्या चुण्या पडू लागल्या त्या प्रामुख्याने क्लारा रीस यांच्या १९३९ सालच्या ‘स्नो फ्लरी’च्या वंशात. गुलाबी पाकळ्या आणि संत्र्याच्या रंगाची दाढी असलेल्या आयरिस १९४० च्या दशकात बाजारात आल्या. इलिनॉयमधल्या डेव्हिड हॉल यांच्या ‘शेरी’ला १९५१ साली डाइक्स पदक मिळाले, म्हणजे अमेरिकेतला या फुलासाठीचा सर्वोच्च मान. वरच्या पाकळ्या पांढऱ्या आणि खालच्या फिकट निळ्या अशी पॉल कुक यांची ‘होल क्लॉथ’ १९५८ ची. तेव्हा परसातली आयरिस चुण्यांची, गुलाबी आणि संत्री दाढीची असेल तर ‘पणजीने १९२० साली लावली होती’ ही घरातली आठवण कुठेतरी चुकते आहे, हे ठामपणे म्हणता येते. उलट दिशेने मात्र तेवढा ठामपणा धरता येत नाही. फूल अरुंद पाकळ्यांचे, जुन्या धाटणीचे असले म्हणजे वाण जुना असेलच असे नाही, कारण जुन्या दोन रोपांची बी कोणीही १९७० साली रुजवली तर निपजणारे बाळ आजीच्या चेहऱ्याचेच असणार. फूल एक तारीख देते, तिच्या आधीचे ते नसते एवढेच. त्यानंतर कधीचे, हे ते सांगत नाही.

फुलापेक्षा अधिक उपयोगी खुणा पुष्कळदा फुलाबाहेर असतात आणि फोटोत नेमक्या त्याच नसतात. कळीवरचे आवरण हिरवे आहे की कागदासारखे वाळलेले, हे पाहायला हवे. पॅलिडा जातीत ते कळी उमलण्याआधीच चंदेरी, कोरडे होते. पानांच्या बुडाशी जांभळट छटा आहे का, दांड्याला फाटे किती आणि कुठून फुटतात, एका दांड्यावर कळ्या किती, वास येतो का आणि कसा (पॅलिडाच्या वंशात द्राक्षासारखा गोड वास असतो), लायलॅकचे झुडूप फुलण्याआधी बहर येतो की नंतर, हे सगळे उपयोगाचे. उंचीला तर वर्गीकरणातच स्थान आहे. साधारण ७० सेंटिमीटरांच्या वर दांडा गेला तर ती ‘उंच दाढीवाली’, त्याखाली मध्यम आणि बुटके गट. ही मापे घ्यायची ती रोप जागी रुळल्यावर. हलवलेल्या कंदाचे पहिल्या वर्षीचे फूल उंचीला आणि आकाराला भरवशाचे नसते.

रंगावर तर विसंबूच नये. जांभळा, निळा आणि त्यांच्या मधल्या छटा कॅमेऱ्यात बदलतात, सकाळच्या उन्हात एक आणि ढगाळ दुपारी दुसऱ्या दिसतात, उमलल्याच्या तिसऱ्या दिवशी उडतात. आणि ज्याच्याशी ताडायचे तो दुसरा पक्षही डळमळीतच असतो. अमेरिकन आयरिस सोसायटी १९२० साली स्थापन झाली ती बऱ्याच अंशी नावांचा हा गोंधळ निस्तरण्यासाठीच. एथेल अँसन पेकहॅम यांच्या देखरेखीखाली तिने १९२९ आणि १९३९ साली नावांच्या जंगी याद्या छापल्या. त्या याद्यांत वर्णन म्हणजे अक्षरांचा आणि आकड्यांचा एक आखूड संकेत: उंचीचा गट, बहराचा काळ, रंगाचा वर्ग. एकाच संकेतात बसणारे वाण ढिगाने निघतात. रोपवाटिकांच्या जुन्या कॅटलॉगांत वर्णने लांब असतात खरी, पण ती विकणाऱ्याने लिहिलेली. तिथे प्रत्येक जांभळे फूल ‘शाही’ आणि प्रत्येक निळे ‘आकाशासारखे’. चित्रे एक तर काळी-पांढरी किंवा हाताने रंगवलेली. अशा साक्षीदाराच्या भरवशावर एखाद्या फोटोला नाव देणे म्हणजे धाडसच.

रूपावरून नाव ठरवता येते अशी उदाहरणे आहेत, आणि ती का जमतात हे पाहिले की मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. टेक्सास आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जुन्या स्मशानभूमींत वसंताच्या आरंभीच एक बुटकी पांढरी आयरिस फुलते. लोक तिला स्मशानातली पांढरी असेच म्हणतात. ती आल्बिकान्स. मूळची अरबस्तान-येमेनकडची, मुस्लिम समाजाने कबरींवर लावत भूमध्यसागरापर्यंत नेलेली आणि तिथून अटलांटिकपार गेलेली. काश्मीरमध्ये कबरस्तानांत एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या आणि जांभळ्या आयरिसांचे ताटवे दिसतात, श्रीनगरला गेलेल्या मराठी प्रवाशांनी ते पाहिलेही असतील. तिथली पांढरी मात्र वेगळी, काश्मिरियाना. (महाराष्ट्रात दाढीवाली आयरिस परसात सहसा दिसत नाही, कारण तिला हिवाळ्याची थंडी लागते आणि आपल्या पावसाळ्यात तिचा कंद कुजतो.) तिसरी पांढरी म्हणजे फ्लोरेन्टिना. तिचा वाळवलेला कंद इटलीत अत्तरांसाठी वापरतात. फ्लोरेन्टिनाच्या पांढऱ्या रंगात निळसर झाक असते, दांड्याला फाटे असतात आणि कळीवरचे आवरण कागदी. आल्बिकान्सचे आवरण रुंद आणि हिरवट, फुले दांड्याला जवळजवळ चिकटून बसलेली. एवढ्या खुणांवरून या दोघींना वेगळे करता येते, कारण आल्बिकान्स वांझ आहे. तिला बी धरत नाही, म्हणून तिच्यासारखी दिसणारी बाळे वाफ्यात शिरत नाहीत. रूपावरून वंश कळतो तो अशाच ठिकाणी, जिथे तोतया जन्मण्याचा मार्गच बंद असतो.

बी धरणाऱ्या बागेतल्या आयरिसांचा माग काढायचा तर काय करावे लागते, याचे सर्वांत चांगले उदाहरण इंग्लंडमधले आहे. चित्रकार सेड्रिक मॉरिस १९४० साली सफोकमधल्या हॅडली गावी बेंटन एंड या घरात राहायला आले. तिथे त्यांची चित्रशाळा चाले (लुशियन फ्रॉइड त्यांचे विद्यार्थी) आणि बाहेरच्या बागेत ते आयरिसचे संकर करीत. वर्षाला सुमारे हजार रोपे ते बियांपासून वाढवत आणि चित्रकाराच्या नजरेने त्यांतली मोजकीच ठेवत. धुरकट गुलाबी, मळकट पिवळा, राखी-जांभळा असे त्या काळच्या भडक चवीत न बसणारे रंग त्यांना आवडत. सुमारे ९० रोपांना त्यांनी नावे दिली, बहुतेक नावांच्या आधी ‘बेंटन’. मांजराच्या नावाची ‘बेंटन मेनेस’ आणि पाळलेल्या मकाव पोपटाच्या नावाची ‘बेंटन रुबिओ’ त्यांत आहेत. ‘बेंटन कॉर्डेलिया’ला १९५५ साली ब्रिटिश डाइक्स पदक मिळाले. मॉरिस १९८२ साली वारले आणि बाग विस्कटली. सिसिंगहर्स्ट या बागेच्या माजी मुख्य बागवान सेरा कुक यांनी नंतर या आयरिसांचा शोध चालवला, राष्ट्रीय संग्रह उभा केला, आणि २०१५ साली चेल्सीच्या फुलप्रदर्शनात त्या पुन्हा लोकांसमोर आल्या.

अशा शोधात फूल हा एक पुरावा असतो, एकमेव नव्हे. नोंदणीतले वर्णन, रोपवाटिकांच्या याद्या, रोप कोणाच्या बागेतून कोणाकडे गेले याची साखळी, आणि मॉरिस यांच्या बाबतीत तर त्यांची चित्रेसुद्धा: ‘आयरिस सीडलिंग्ज’ हे त्यांचे १९४३ सालचे चित्र टेट संग्रहालयात आहे. तरीही एक अडचण शिल्लक राहते, आणि ती माझ्याच म्हणण्याला तपासायला लावणारी आहे. वर्षाला हजार रोपे वाढवणाऱ्या माणसाच्या बागेतून नाव न मिळालेली रोपेही बाहेर जाणारच. तेव्हा एखादा कंद खात्रीने बेंटन एंडचा आहे, फूलही मॉरिस यांच्या धाटणीचे आहे, म्हणून तो त्या नव्वदांपैकी एक ठरत नाही. मूळ ठिकाण कळले तरी नाव कळते असे नाही. इतिहास आवश्यक आहे, पण इतिहासाच्या जोडीला त्याच वाणाचे लेखी वर्णन जुळले पाहिजे. दोन्ही एकमेकांना छेद देत असतील तर थांबायला हवे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप असा की फूल सुंदर आहे, नावावाचून त्याचे काय अडते? मालकाचे खरोखरच काही अडत नाही. अडते ते दुसऱ्यांचे. चुकीचे नाव लावलेला कंद वाटला जातो, विकला जातो, त्याचा फोटो त्या नावाखाली छापला जातो, आणि पुढच्या माणसाला आपले रोप ताडायला हाच फोटो मिळतो. दहा वर्षांत चुकीच्या रोपाचे फोटो खऱ्याच्या फोटोंपेक्षा अधिक होऊ शकतात. अनाम रोप कुणाला फसवत नाही. त्याचे नाव उद्या सापडू शकते. चुकीच्या नावाचे रोप मात्र खऱ्या वाणाची जागा अडवून बसते आणि कोणी ते शोधायला जातही नाही, कारण ते सापडल्याची सगळ्यांची समजूत झालेली असते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. मोबाइलमधली ॲप फोटोवरून वनस्पती ओळखतात. फूल आयरिसचे आहे हे ती सांगतात, बऱ्याचदा दाढीवाली आहे हेही. वाणाचे नाव देताना ती वर सांगितलेल्या त्याच फोटोंवर विसंबतात. डीएनए चाचणीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. दोन रोपे एकाच मूळ रोपाचे तुकडे आहेत की नाहीत, हे डीएनए सांगू शकते, म्हणजे नेमका वंशाचाच प्रश्न सोडवते. द्राक्षांत हे घडले आहे. नाशिकच्या वाइनमुळे आपल्याकडेही ओळखीचे झालेले झिनफँडेल हे कॅलिफोर्नियाचे द्राक्ष २००१ साली क्रोएशियातल्या एका जवळजवळ नामशेष झालेल्या वाणाशी हुबेहूब जुळले. पण तिथे जुळवायला समोर ओळख पटलेला वेल होता. आयरिसच्या बाबतीत ‘मादाम शेरो’ म्हणून तपासणीला ठेवायचे रोप कोणते? संग्रहातल्या पाटीवर विसंबून निवडलेले, आणि पाट्यांचे काय होते ते आपण पाहिले. वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी संबंध न आलेल्या संग्रहांतली रोपे एकमेकांशी जुळली तर तो भक्कम पुरावा होईल. तोवर चाचणीने दोन अनाम रोपे एकच असल्याचे कळेल, त्यांचे नाव कळणार नाही.

तिसरा आक्षेप जुने वाण जपणाऱ्यांचा. इतका संशय धरला तर कोणी नाव लावायला धजणार नाही आणि वाण हरवतील. मला हे उलटे वाटते. वाण जपला जातो तो कंद जगवल्याने. त्यासाठी नावाची अट घालायची गरज नाही, पाटीवर जे माहीत आहे ते लिहिले म्हणजे पुरे: कोणत्या गावच्या कोणत्या घरातून, कोणत्या साली घेतली, दांड्याची उंची, बहर, वास, आणि संशय ज्या नावाचा आहे ते नाव प्रश्नचिन्हासह. नवे नाव ठेवण्याचा मोह टाळावा, कारण रोपाला आधीच नाव असण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या वाणांसाठी १९८८ साली स्थापन झालेली हिस्टॉरिक आयरिस प्रिझर्व्हेशन सोसायटी वाण निरनिराळ्या बागांत राखून ठेवण्याचे काम करते, आणि न्यू जर्सीत माँटक्लेअरला १९२७ पासून असलेल्या प्रेस्बी आयरिस बागेत पाटी लावलेले पुष्कळ वाण मे महिन्यात शेजारी शेजारी फुललेले पाहता येतात. तिथे आपल्या फुलाचा दांडा, पान, आवरण हातात घेऊन ताडता येते. फोटोने ते साधत नाही.

आणि ज्याला खरोखर शोध घ्यायचा आहे त्याने विरळ वाणापासून सुरुवात करू नये. निगा न राखता शंभर वर्षे टिकणारे, झपाट्याने कंद वाढवणारे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले जाणारे वाण थोडेच आहेत. ‘ऑनोराबिल’, फिकट पिवळी ‘फ्लावेसेन्स’, ‘मादाम शेरो’, ‘इंडियन चीफ’ अशी नावे म्हणूनच जुन्या अमेरिकन घरांजवळ पुन्हा पुन्हा निघतात. आधी हे वाण बाद करावेत. मग घर कधी बांधले, आधी कोण राहत होते, गल्लीतल्या आणखी कोणाकडे तेच फूल आहे, जवळच्या जुन्या स्मशानभूमीत ते आहे का, हे विचारावे. त्या काळी त्या गावाला टपालाने रोपे पुरवणारी रोपवाटिका कोणती हे कळले तर तिचा कॅटलॉगही पाहता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयातले असे जुने कॅटलॉग बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीने मोठ्या संख्येने डिजिटल करून सर्वांना मोफत खुले केले आहेत.